तिसऱ्या खुंट्याचा दोर

पिंपळटोला, तालुका पवनी
२० नोव्हेंबर २०२३

राखी,

वर मायना लिहीत नाही. सौभाग्यवती तू राहिली नाहीस, आणि आशीर्वाद द्यावा असं माझ्या मनात काही नाही. तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हा कागद खराब करतो आहे. तुझ्या मावशीचा आंधळगावचा पत्ता तुझ्या बापाने दिला. देताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

त्याच्याच हाती पाठवलेली तुझी चिठ्ठी मिळाली. एक ओळ. "सूरजला तुम्ही हो म्हणाला होता की नाही, एवढंच लिहा." ना नमस्कार, ना चमत्कार. सासऱ्याला असं विचारायची रीत धरणाखाली गेलेल्या तुमच्या गावात असेल, आमच्यात नाही.

काय झालं ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तुला पुन्हा वाचायचं आहे तर वाच. ऑगस्टात तीन आठवडे आभाळ कोरडं होतं. रोवणी झालेल्या धानाच्या बांध्यांना भेगा पडू लागल्या, म्हणून समितीने तलावाचं पाणी पाळीपाळीने द्यायचं ठरवलं. पाळीची यादी मारुतीच्या देवळात पत्र्यावर रंगवलेली आहे. माझ्या आज्याने लावलेला क्रम, चौसष्ट नावं. त्यात तुझ्या बापाचं नाव नाही. गोसीखुर्दच्या पाण्यात गाव गेलं तेव्हा तो इकडे आला, पाटाच्या शेपटाला एक बांधी घेतली, आणि त्याला तेव्हाच सांगितलं होतं की जुन्यांचं झाल्यावर उरलं तर तुझं. तेव्हा मान हलवली होती त्याने.

सत्तावीस ऑगस्टला मी पवनीला होतो. चष्म्याची काडी मोडली होती, ती बसवायला गेलो होतो. इकडे सूरज एकटा तुडुमात उतरला. तुमच्याकडे नदी होती, तलाव नव्हता, म्हणून सांगतो. तुडूम म्हणजे पारीच्या, तलावाच्या बांधाच्या, आतल्या अंगाला बांधलेल्या दगडी पायऱ्या. त्यात एकाखाली एक तीन भोकं, आणि प्रत्येक भोकात सागाचा खुंटा. पाणी खाली गेलं की खालचा खुंटा काढायचा. तिसरा खुंटा तेव्हा दीड पुरुष पाण्यात होता. सूरजने बुडी मारून तो हाताने उपटला. खुंटा निघाला तसं पाण्याने त्याचा हात खांद्यापर्यंत भोकात ओढून घेतला. मी दोनच्या बसने उतरलो तेव्हा सगळं गाव पारीवर होतं.

समितीचा अध्यक्ष भुपेंद्र कापगते याने सर्वांसमोर मला विचारलं, "सेवकराम, तुमी सांगतलं होतं काय पोराले?" मी नाही म्हणालो. साठ माणसं साक्षीला आहेत. सूरजने चोरून पाणी सोडलं. कोणासाठी सोडलं ते पाट कुठे जातो यावरून आंधळ्यालाही कळेल. आणि त्याच्या डोक्यात कोणी भरवलं ते तू जाण.

एकतीस वर्षं मी या तलावाचा पाणकर आहे. पाळी सोडून एक ओंजळ पाणी मी कोणाला दिलं नाही. घरच्या बांध्या मी स्वतःहून यादीत चौसष्टाव्या ठेवल्या. सूरजची आई होती तोवर म्हणायची, "गावाले पानी पाजते अन् घरचे गळे सुकवते हा मानूस." चार तालुक्यांत माझं नाव त्यावर आहे. त्या नावाला माझ्याच घरातून डाग लागला, आणि वर तू मला जाब विचारतेस. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

शाळेत पोरं मोनाला पाणीचोराची पोरगी म्हणाली म्हणून तू तिला घेऊन गाव सोडलंस. पोरं काय, बोलतातच. त्यावरून कोणी घर सोडून जात नाही. माझी नात मला परत हवी आहे.

तुझ्या ओळीला उत्तर देत नाही. विचारणारी तू कोण?

सेवकराम लंजे


पिंपळटोला
१७ जानेवारी २०२४

राखी,

माझं पत्र परत पाठवलंस. माझ्या सहीखाली तुझी तीच ओळ, त्याच अक्षरात. वाणीण बरी, उधारी मागताना निदान हालहवाल तरी विचारते.

नव्या तांदळाचं पोतंही परत पाठवलंस. तांदळाने तुझं काय केलं होतं? तो सूरजने रोवलेला धान होता. कापणी मी केली, या वयात, गडी न लावता. तुला ते सांगणार नव्हतो, पण पोतं अंगणात पडलं आहे आणि येणारा-जाणारा विचारतो.

माझी काळजी करू नकोस, करत नसशीलच. मी भात करतो, तो खाली लागतो, मी खातो. तू गेल्यावर आठ दिवस चहा दोन कप टाकत होतो. सूरजचा गमछा तारेवर होता तो काढून ठेवला. मग परत टांगला. घरात दुसऱ्या कोणाचं काही हलत नाही, म्हणून.

हे लिहायला बसलो कारण काल तुझ्या बापाशी वाजलं, आणि त्याने तुला तिखटमीठ लावून सांगण्याआधी माझ्याकडून ऐक. मी पारीवर होतो. देवाजी खालून चढून आला. इतकी वर्षं तो मला पाहून पायवाट बदलायचा. काल बदलली नाही. म्हणाला, "व्याही, पानी आलं होतं."

मी म्हणालो, कोणतं पाणी?

"त्या दिवशी. मी शेपटाले उभा होतो. माह्या बांधीच्या तोंडाशी आलं, चार हात आत आलं, अन् मंग थांबलं. मले वाटलं पोराने बंद केलं असंल, बाप रागावन म्हणून. मी तठीच बसून बिडी ओढली. आखी बिडी ओढली, व्याही. तो तिकडं भोकात अटकला होता, म्हणून पानी थांबलं होतं."

मला काय करायचं आहे त्याच्या बिडीशी? मी म्हणालो, आता खाली उतर. तो उतरला नाही. म्हणाला, "तिसऱ्या खुंट्याले दोर रायते. पारीवरून दोघं जन ओढते. पान्यात उतरा लागत नाही. दोर कोठं होता?"

मी म्हणालो, कुजला होता.

"कुजला तं तुकडा दाखवा."

मी त्याला पारीवरून हाकललं. हाताला धरून हाकललं. तलावाचा पाणकर मी आहे, दोराचा हिशेब मी काल आलेल्या माणसाला देणार नाही. दोर कुजतात. नारळाच्या काथ्याला पाण्यात किती दिवस काढायचे असतात ते त्याला काय माहीत, आणि तुला तरी.

पोतं पुन्हा पाठवतो आहे. परत पाठवलंस तर तलावात ओतीन.

सेवकराम लंजे


पिंपळटोला
६ मार्च २०२४

राखी,

सोमवारी आंधळगावला आलो होतो ते तुला माहीत आहे. का आलो होतो ते माहीत नाही. मी तुला चार शब्द सुनवायला आलो होतो. रस्ताभर बसमध्ये पाठ करत आलो. मोहाडीच्या स्टँडवर एक बाई मला विचारू लागली, बाबाजी, कोणाशी बोलून राहिले?

तुझ्या मावशीच्या दारात रेशमाच्या कोशांची टोपली होती आणि मोना त्यातले कोश निवडत बसली होती. मला बघून "आबा!" म्हणून धावली. उंच झाली आहे. मी फुटाण्याची पुडी दिली. तिने एक फुटाणा खाल्ला आणि विचारलं, "आबा, माहे बाबा पानीचोर होते काय?"

मी टोपलीतला एक कोश उचलला आणि परत ठेवला.

"आई म्हनते नाही. मंग शाळेतले काहून म्हनत होते? तुमाले तं माहीत असंल, तुमी पानकर आहा."

तेवढ्यात तू आलीस. हाताला कोशाचं सूत गुंडाळलेलं होतं. पोरीला आत घेतलंस आणि माझ्या तोंडावर दार लावलंस. तुझं लग्न झालं तेव्हा मी तेच केलं होतं. तुम्ही दोघं पवनीच्या देवळातून हार घालून आलात आणि मी आतून कडी लावली. दुपारपर्यंत उभे होतात अंगणात. फिटलं म्हण.

पाठ केलेलं एक अक्षर बोललो नाही. परत येऊन दोन दिवस झाले. पोरीने ज्या विश्वासाने विचारलं तो माझ्या छातीवर बसला आहे. आता लिहितो. तुझ्यावर उपकार म्हणून नाही, तू मला अजून आवडत नाहीस.

हो म्हणालो होतो.

सव्वीस ऑगस्टला संध्याकाळी मी गोठ्याजवळ पाय धूत होतो. तू आत चुलीपाशी होतीस. सूरज आला, उभा राहिला. म्हणाला, "बाबा, मामाची बांधी फाटली. दोन दिसांत धान जाते. उद्या एक पहर सोडू द्या."

मी म्हणालो, यादीत नाव नाही तुझ्या सासऱ्याचं.

"यादी तुमच्या आज्यानं लिवली. तवा मामाचं गाव पान्याच्या वर होतं."

तुला सांगतो, एकतीस वर्षांत त्या यादीबद्दल असं कोणी मला बोललं नव्हतं. मी तांब्यातलं पाणी पायावर ओतत राहिलो. मग तो म्हणाला, "मी आजपावतो तुमाले काय मागतलं? राखी मागतली, ते तुमी देली नाही, मी घेतली. हे तरी द्या." त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी नाही म्हणालो असतो आणि तो आज जिवंत असता.

मी म्हणालो, "बरं. सोड. सकाळीच सोड, लोकं शेतात याच्या आत. मी गावात रायत नाही."

तो हसला. हसला की त्याचा वरचा तुटका दात दिसायचा. आठ वर्षांचा असताना चिंचेवरून पडून तुटला होता तो. मी त्याला तसं हसताना लग्नानंतर पाहिलं नव्हतं. माझ्या घरात, माझ्यासमोर, तो हसतच नव्हता. मला फार बरं वाटलं, राखी. तू जेवायला वाढलंस तेव्हा मी दुसऱ्यांदा वरण मागितलं होतं, आठवतं? त्यामुळे.

आता दोर. दोर कुजला नव्हता. आठ दिवस आधी एका सकाळी मला पाट ओला दिसला. मला वाटलं तुझ्या बापाने गुपचूप खुंटा सैल केला. म्हणून मी बुडी मारून दोर सोडून आणला आणि धानाच्या कोठीवर, जुन्या पोत्यांखाली ठेवला. घरात कोणाला बोललो नाही, कारण घरात तू होतीस आणि घरची गोष्ट तुझ्या बापाच्या कानावर जाईल असं मला वाटत होतं. पाट ओला होता तो म्हशींच्या लोळण्याने. ते मला पुढे पोळ्याच्या दिवशी दिसलं, तेव्हा सूरजची तेरवी होऊन गेली होती.

त्या संध्याकाळी सांगायला हवं होतं. दोर वर आहे, घेऊन जा, दोघं जण लागतील. पण सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, काहून काढला? आणि मला म्हणावं लागलं असतं, तुझ्या सासऱ्याला मी चोर समजलो म्हणून. नुकताच हसला होता तो. माझ्याने झालं नाही. मनात म्हटलं, दोर दिसला नाही की घरी परत येईल, माझी वाट बघेल. पण घाई मीच दिली होती त्याला. लोकं यायच्या आत, असं मीच म्हणालो होतो. बापाने एकदाच काही दिलं, ते हातचं जाऊ नये म्हणून उतरला असेल तो.

चष्म्याची काडी मोडलेली नव्हती. यादी मोडताना मी गावात नव्हतो असं म्हणता यावं म्हणून पवनीला गेलो, आणि काहीतरी काम हवं म्हणून स्टँडवर बसून काडी हाताने मोडली. तेव्हाच तो पाण्यात उतरला असेल.

पारीवर भुपेंद्रने विचारलं. सूरज तिथेच होता, चादरीखाली, चादर ओली होत होती. साठ माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. तोंडातून 'नाही' निघालं. विचार करून बोललो नाही, पण पुढे सहा महिने मी तेच धरून बसलो, आणि तो विचार करून.

आता समाधान झालं असेल. पत्र जपून ठेव किंवा जाळ.

सेवकराम


पिंपळटोला
१२ मे २०२४

राखी,

तुझं उत्तर आलं होतं. पुन्हा एक ओळ. "मला माहीतच होतं, गावाला सांगा." फार कठीण बाई आहेस. मला वाटलं होतं दोन शब्द रडशील, दोन शिव्या देशील. शिव्या मी वाजवी मानल्या असत्या.

गावाला सांगायला दोन महिने लागले. रोज उद्या म्हणत होतो. परवा अक्षय तृतीयेला सभा होती. पुढच्या वर्षाचा पाणकर त्या सभेत ठरतो, ठरतो म्हणजे दरवर्षी माझंच नाव घेऊन नारळ फुटतो. मी दोर घेऊन गेलो. मारुतीसमोर ठेवला आणि तुला लिहिलं ते सगळं बोललो. हो म्हणालो होतो ते, दोर लपवला ते, काडी मोडली तेही. काही गाळलं नाही.

आता ऐक काय झालं. कोणी मानलं नाही.

बायकांतून पंचफुलाबाई पदर डोळ्याला लावून म्हणाली, "पोरापायी बाप किती खालते येते पाहा." भुपेंद्र उठला. माझ्याशी त्याचं कधी पटलं नाही, पण तोही म्हणाला, "बाबाजी, बसा. तुमी अन् यादी मोडान? सूर्य पश्चिमेले उगवन. पोराचं नाव धुवाले तुमी सोताच्या अंगावर घेऊन राहिले, आमाले समजत नाही काय?" मी ओरडलो. दोर दाखवला. म्हणाले, दोर काय, दोर तर बाजारातही मिळतो.

मग त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला. शाल दिली, श्रीफळ दिलं. असा बाप आणि असा पाणकर पाहिला नाही म्हणून भाषण झालं. तुझा बाप मागे खांबाला टेकून उभा होता. सगळे टाळ्या वाजवत होते आणि तो माझ्याकडे बघत होता. तेवढ्या माणसांत मी खरं बोललो हे त्याला एकट्याला कळलं.

एकतीस वर्षं मी जे नाव जपलं ते आता माझ्या पोराच्या छातीवर धोंडा होऊन बसलं आहे. मी खोटं बोललो तेव्हा त्या नावावर सर्वांनी विश्वास ठेवला, आणि त्याच नावापायी आता माझं खरं कोणी ऐकत नाही. शाल मी म्हशीच्या अंगावर टाकली. हसू नकोस. हसलीस तरी चालेल.

मी काय करावं ते तू सांगू नकोस, तुझ्या ओळींची मला भीती वाटू लागली आहे. तांदूळ ठेवून घेतलास हे तुझ्या बापाकडून कळलं. मोनाला भात आवडतो, कढी कर सोबत.

सेवकराम


पिंपळटोला
२२ ऑक्टोबर २०२४

राखी,

या पत्राला उशीर झाला कारण उजव्या हाताची दोन बोटं सुजली आहेत आणि चष्मा नाही. या खेपेस तो खरोखर मोडला. अक्षर वाकडंतिकडं आहे, सांभाळून घे.

दसऱ्यानंतर उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला शेवटचं पाणी देतात ते तू पाहिलं आहेस. गुरुवारी पहिली पाळी होती. पहिली पाळी भुपेंद्रची, मग यादीप्रमाणे. सकाळी सगळं गाव पारीवर आलं. नारळ फुटला. मी सर्वांसमोर बुडी मारून तिसऱ्या खुंट्याला दोर बांधला, तोच दोर. यादीतला ईश्वर आणि मी मिळून तो ओढला. खुंटा सुटला, पाणी पाटात पडलं, पोरांनी आरोळी दिली. आणि मग भुपेंद्रच्या लक्षात आलं की पाणी त्याच्याकडे वळत नाही.

कसं वळेल? पहाटे उठून मी पाटाची सगळी तोंडं चिखलाने बुजवून ठेवली होती. एकच मोकळं होतं.

"सेवकराम, पानी कोठं चाललं?"

"देवाजीकडं."

"यादी?"

"मोडली. मांगच्या सालीही मीच मोडली होती. सांगतलं तवा हार घातला तुमी."

मी पावडं घेऊन पाटाच्या फाट्यावर बसलो. एक पहर, म्हणालो. माझ्या पोराने एक पहर मागितला होता, तो होईपर्यंत कोणी तोंड फोडायचं नाही. दोघातिघांनी मला ओढलं. पावडं हिसकताना बोटं चेंगरली, चष्मा पायाखाली गेला. मी उठलो नाही. ईश्वरची पोरं अंगावर आली, मी त्यांना चिखलाने मारलं. मेल्या रेड्यासारखा वाटेत पडून राहिलो म्हण. म्हातारा माणूस आहे, जास्त मारता येत नाही, याचा मी पुरेपूर फायदा घेतला.

रागात कोणाची वाचा बसत नाही. एकेक जण बोलू लागला. "कुंपनच शेत खाते तं कोनाले सांगाव?" "एवढा यादीवाला, पाहा." ज्या पंचफुलाबाईने वैशाखात डोळ्याला पदर लावला होता, ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हंजे मांगच्या सालीही यानंच पोराले पाठवलं होतं. अन् मंग नाही म्हनला, मेल्या पोराच्या तोंडावर! थू!"

ती माझ्या पायाजवळ थुंकली. राखी, मी तिथे चिखलात बसून मोठ्याने रडलो. त्यांना वाटलं लाजेने रडतो आहे. मला तिचे पाय धरावेसे वाटत होते.

संध्याकाळी सभा झाली. पाणकी काढून घेतली, ईश्वरला दिली. माझ्याशी देणंघेणं, बोलणंचालणं बंद. माझं नाक कापायचं म्हणून भुपेंद्रने समितीच्या रजिस्टरात स्वतः लिहिलं आहे, की सेवकराम लंजे याने मागील वर्षी स्वतः परवानगी देऊन मुलास पाण्यात पाठवले, दोर लपवला व गावासमोर खोटे सांगितले, सबब सूरज सेवकराम लंजे याच्यावर चोरीचा ठपका राहत नाही, दोष संपूर्ण बापाचा. मी कबूल केलं तेव्हा जे झालं नाही ते त्याने द्वेषापोटी करून दिलं. त्यावर बावन्न सह्या आहेत. नक्कल या पत्रात घातली आहे. हा कागद मात्र परत पाठवू नकोस.

शाळेसमोरून गेलो की पोरं आता मला ओरडतात, पाणीचोर आबा. मी ओ देतो.

मोनाने विचारलं होतं ते तिला आता सांग. तिचे बाबा चोर नव्हते. तिचा आबा होता, आहे, आणि ते गावाच्या रजिस्टरात लिहिलेलं आहे. मोठी झाल्यावर ती माझ्याशी बोलली नाही तरी मी समजेन.

तुझ्यावर माझा राग आहे. कमी झाला आहे, पण आहे. तू एकच प्रश्न धरून बसलीस आणि माझ्या घराची कौलं उतरवलीस. तू माझी सून म्हणून मला नको होतीस, आणि आज त्या घरात दुसरं कोणी मला हवं आहे असंही नाही. मी तुला बोलावत नाही. मला तो हक्क नाही. दिवाळीनंतर गावच्या मंडईची जत्रा आहे. देवाजीकडे येशीलच. माझं दार उघडं असेल, आतून कडी नसेल. आलीस तर ये, नाही तर बाहेरून जा.

एक सांगायचं राहिलं. ओढाताण चालली होती तेव्हा तुझा बाप शेपटाला, आपल्या बांधीच्या तोंडाशी उभा होता. चष्मा नव्हता, मला तो दिसत नव्हता. नुसती हाक ऐकू आली. "आलं, व्याही!" मी धापा टाकत होतो. तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. चार हात तेव्हाही आलं होतं. मी कान लावून बसून राहिलो. सगळे माझ्यावर ओरडत होते आणि मला त्या एका आवाजाशिवाय काही ऐकायचं नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग पुन्हा हाक आली. देवाजी रडत ओरडत होता, "थांबलं नाही, व्याही! येऊनच राहिलं!"

सेवकराम